जुनी जोडटाकी पाठीवर घेण्यापूर्वी

बुलढाणा जिल्ह्याची जमीन लाव्हाच्या काळ्या कातळाची आहे. मेक्सिकोत किंवा फ्लोरिडात चुनखडी विरघळून पाण्याखाली मैलोन्‌मैल बोगदे तयार झाले, तसे ते या कातळात होत नाहीत. त्यामुळे पाण्याखालच्या गुहेत उतरण्याचा आणि त्यासाठी लागणाऱ्या साधनांचा विषय आपल्या कामाचा नाही, असे वाटणे साहजिक आहे. पण गुहा धोक्याची ठरते ती एकाच कारणाने: डोक्यावर छत असते आणि हवा संपली तर सरळ वर येता येत नाही. असे छत आपल्याकडेही आहे. साठ-सत्तर फूट खोल विहिरीच्या तळाशी पडलेली कपार, आडव्या बोअरसाठी फोडलेली पोकळी, ढासळलेल्या बांधकामाखालची जागा, धरणाच्या गेटची विहीर, पुरात वाहून येऊन पुलाच्या मोरीत अडकलेला झाडोरा, या प्रत्येक ठिकाणी उतरलेला माणूस गुहेतच असतो. नळगंगा, पेनटाकळी आणि खडकपूर्णासारखी धरणे आणि गावोगावच्या विहिरी असलेल्या या जिल्ह्यात शोध आणि बचावाचे काम करणाऱ्या तरुणांना म्हणूनच गुहेतल्या पाणबुड्यांचे शास्त्र माहीत असले पाहिजे. आज त्यातल्या एकाच प्रश्नाचा विचार करू. वापरलेला, जुना, दोन टाक्यांचा स्कूबा संच स्वस्तात मिळत असेल किंवा कोणी देणगी म्हणून देत असेल, तर तो घ्यावा का? घेतला तर कोणत्या कसोटीवर?

उत्तर आधीच सांगतो. दोन टाक्यांमुळे हवा दुप्पट होते, सुरक्षितता आपोआप दुप्पट होत नाही. छताखाली जीव वाचतो तो हवेच्या दोन स्वतंत्र वाटांमुळे. एक वाट बंद पडली तर दुसरी चालू राहील का, हा प्रश्न संचाच्या प्रत्येक भागाला विचारायचा. जिथे उत्तर ‘नाही’ येईल तिथे तो संच, कितीही भक्कम दिसला तरी, छताखाली नेण्याच्या लायकीचा नाही. टाकीचे वय हा त्यानंतरचा मुद्दा.

ही कसोटी नीट कळण्यासाठी दोन टाक्या एकमेकींना कशा जोडलेल्या असतात ते पाहू. १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी आजच्या स्कूबाचा पूर्वज असलेला, टाकीतली हवा श्वासापुरती सोडणारा रेग्युलेटर तयार केला. त्यानंतर बरीच वर्षे जोडटाकीच्या संचाला हवा बाहेर येण्यासाठी एकच तोंड असे. दोन्ही टाक्या एका आडव्या नळीने जोडलेल्या, मधोमध एक कॉक, त्यावर एक रेग्युलेटर. हा रेग्युलेटर बिघडून धो धो हवा सोडू लागला तर कॉक बंद करावा लागतो, आणि कॉक बंद केला की दोन्ही टाक्या भरलेल्या असूनही श्वासाला काही उरत नाही. पाठीवर दोन टाक्या आहेत, वाट मात्र एकच. बहामातल्या निळ्या विवरांत उतरणारे कॅनडाचे जॉर्ज बेंजामिन यांच्या नावाने ओळखली जाणारी दोन तोंडांची जोडणी १९७० च्या दशकात गुहेतल्या पाणबुड्यांत रुळली. तिच्यात प्रत्येक टाकीवर वेगळा कॉक आणि वेगळा रेग्युलेटर असतो. एक बिघडला तर तो बंद करून दुसऱ्यावरून दोन्ही टाक्यांतली हवा घेता येते. पुढे त्या आडव्या नळीच्या मधोमध आणखी एक कॉक आला. नळीचीच रबरी कडी फुटली तर तो बंद करून निदान एका टाकीची हवा वाचवता येते. म्हणून जुना संच समोर आला की पहिली नजर टाकीवर न टाकता या जोडणीवर टाकावी. एकच तोंड दिसले तर तो संच छताखालच्या कामासाठी तिथेच बाद समजावा.

मधला कॉक आला म्हणजे चिंता मिटली, असेही नाही. इथे थोडे गणित करून पाहू. १२ लिटरच्या दोन टाक्या २०० बारपर्यंत भरल्या तर त्यांत ढोबळमानाने ४,८०० लिटर हवा मावते. शांतपणे काम करणारा माणूस जमिनीवर मिनिटाला २० लिटर हवा घेतो असे धरू. २० मीटर खोलीवर दाब तिप्पट असतो, म्हणून तिथे त्याला ६० लिटर लागते. म्हणजे सगळी हवा ८० मिनिटे पुरेल. आता समजा, मधला कॉक चुकून बंद राहिला आहे. माणूस उजव्या टाकीवरून श्वास घेतो आहे आणि दाबाचा मीटर डाव्या टाकीला जोडलेला आहे. उजव्या टाकीत फक्त २,४०० लिटर आहे, ते ४० मिनिटांत संपते. चाळिसाव्या मिनिटाला श्वास जड होतो, तोंडातल्या रेग्युलेटरमधून हवा येईनाशी होते, आणि मीटरचा काटा तेव्हाही २०० वरच असतो. दुसऱ्या रेग्युलेटरवर जायची सवय हाडीमाशी भिनलेली नसेल, तर भरल्या टाकीसह माणूस बुडतो. म्हणूनच पाण्यात शिरण्यापूर्वी तिन्ही कॉक हाताने फिरवून पाहणे, खाली गेल्यावर पहिल्या पाच मिनिटांत काटा हलला का ते बघणे, आणि मागे हात नेऊन तिन्ही कॉक स्वतःला बंद-उघड करता येतात का याचा सराव उथळ, उघड्या पाण्यात करणे, ही कामे टाळता येत नाहीत. ज्याचा हात तिथवर पोहोचत नाही, त्याच्यासाठी ती दुसरी वाट नसल्यातच जमा आहे.

आता टाकीकडे वळू. टाकी जुनी असणे हा स्वतःमध्ये दोष नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. आतून कोरडी ठेवलेली, वेळच्या वेळी तपासलेली पोलादी टाकी कित्येक दशके चाचणीत उत्तीर्ण होते. पण २०० बार म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या साधारण शंभरपट. एवढा दाब अंगावर घेणाऱ्या भांड्याबद्दल ‘दिसायला चांगली आहे’ हे मत पुरावा होत नाही. पुरावा टाकीच्या खांद्यावर कोरलेला असतो: बनवणाऱ्याची खूण, अनुक्रमांक, मानक, कामाचा दाब आणि शेवटच्या चाचणीची तारीख. अक्षरे घासलेली असतील, जाड रंगाखाली दडली असतील किंवा तारीखच नसेल, तर ती टाकी भरू नये. हायड्रो टेस्टमध्ये टाकी पाण्याने भरून कामाच्या दाबाच्या सुमारे दीडपट किंवा थोडा जास्त दाब देतात आणि ती किती फुगते व दाब काढल्यावर किती मूळपदावर येते ते मोजतात. जी पुरेशी परतत नाही तिचा धातू थकला, असा त्याचा अर्थ. अमेरिकेत ही चाचणी दर पाच वर्षांनी सक्तीची आहे आणि आतून डोळ्यांनी तपासणी दरवर्षी करण्याचा तिथल्या डायव्हिंग व्यवसायाचा प्रघात आहे. आपल्याकडे हा विषय गॅस सिलिंडर नियम, २०१६ खाली येतो. त्याची अंमलबजावणी करणाऱ्या पेट्रोलियम तथा विस्फोटक सुरक्षा संगठनाचे, म्हणजे पेसोचे मुख्यालय विदर्भातच, नागपूरला आहे. मान्यता नसलेली परदेशी टाकी भरणे आणि चाचणीची मुदत उलटलेली टाकी भरणे या दोन्ही गोष्टी नियमबाह्य आहेत. तेव्हा संच विकत घेण्याआधीच, टाकीच्या खांद्यावरच्या अक्षरांचा स्पष्ट फोटो घेऊन पेसोमान्य चाचणी केंद्राला दाखवावा, आणि व्यवहार चाचणीच्या निकालावर अवलंबून ठेवावा.

धातूनुसार दोष वेगळे असतात. पोलाद आतून गंजते, आणि हा गंज दोन प्रकारे घात करतो. एक, त्याचे कण निघून रेग्युलेटरच्या जाळीत अडकतात. दोन, गंज चढताना टाकीतला ऑक्सिजन खर्च होतो. पाण्याचा अंश राहिलेली टाकी महिनोन्‌महिने भरून ठेवली तर दाब पुरेसा दिसेल, पण हवेतला प्राणवायू घटलेला असेल. म्हणून कपाटात भरून ठेवलेली जुनी टाकी तशीच उचलून पाण्यात नेऊ नये. अ‍ॅल्युमिनियमचा प्रश्न निराळा. ६३५१ या जुन्या मिश्रधातूच्या टाक्यांना सततच्या दाबाने मानेशी, आट्यांजवळ बारीक भेगा पडतात असे आढळले. अमेरिकेत लक्सफर कंपनीने १९८८ मध्ये तो मिश्रधातू सोडून ६०६१ वापरायला सुरुवात केली. या भेगा नुसत्या डोळ्यांना दिसतीलच असे नाही, त्यासाठी विद्युतप्रवाहाने भेग शोधणारी खास चाचणी लागते. ती सोय आपल्या आवाक्यात नसेल, तर त्या काळातली अ‍ॅल्युमिनियमची टाकी न घेणे हाच शहाणपणा. अ‍ॅल्युमिनियमची टाकी रंग पक्का करण्यासाठी भट्टीत तापवली असेल किंवा आगीत सापडली असेल, तरी ती बाद. याच संदर्भात आपल्या जिल्ह्यातल्या लोणार सरोवराची आठवण ठेवावी. सरोवर संरक्षित क्षेत्रात आहे आणि परवानगीशिवाय तिथे कोणी उतरू नये. पण शास्त्रीय कामासाठी उतरायची वेळ आली तर त्या पाण्याचा सामू सुमारे १० आहे आणि अल्कधर्मी पाण्यात अ‍ॅल्युमिनियमवरचा संरक्षक थर विरघळतो, हे ध्यानात ठेवून साधने लगेच गोड्या पाण्याने धुवावीत.

टाकी पास झाली तरी तिच्यावर बसलेले रबर वयाप्रमाणे म्हातारे होतच असते. कॉकच्या कड्या, रेग्युलेटरमधला पडदा, लांब होज या वस्तू न वापरताही कडक होतात. होज हातात वाकवून उजेडात धरावा. वळणावर केसासारख्या चिरा दिसल्या तर तो त्याच दिवशी बदलावा. संच भरून पाण्याच्या हौदात बुडवावा आणि प्रत्येक जोडावर बुडबुडे येतात का ते दिवा धरून बघावे. जुन्या संचाला रेग्युलेटर शिकंजासारख्या पट्टीने आवळलेला असतो. कपारीच्या छतावर तो आपटला तर मधली कडी निसटून हवा सुटू शकते. आट्यांनी टाकीत घट्ट बसणारा प्रकार छताखाली जास्त भरवशाचा. जुन्या संचात आणखी एक भाग सापडतो, तो म्हणजे राखीव हवेचा, ‘जे-व्हॉल्व्ह’ नावाचा कॉक. मीटर रूढ होण्याच्या काळापूर्वीची ही सोय. शेवटची थोडी हवा स्प्रिंगने अडवून ठेवायची, श्वास जड झाला की दांडी ओढून ती सोडायची. झाडोऱ्यात किंवा दोरात ती दांडी आधीच ओढली गेली, तर राखीव हवा केव्हा संपली ते कळतही नाही. दाबाचा मीटर नसलेला संच कोणत्याही परिस्थितीत वापरू नये. शिवाय जोडटाकीच्या पोलादी संचाचे वजन तीस किलोच्या घरात जाते. अंगावर तरंगण्याची पिशवी नसेल तर हे ओझे माणसाला तळाच्या गाळात रुतवते, आणि गाळ ढवळला की हातभर अंतरावरचेही दिसत नाही.

शेवटचा भाग म्हणजे खुद्द हवा. १९४६ साली कुस्तो आणि त्यांचे सहकारी द्युमा फ्रान्समधल्या व्होक्लूझच्या झऱ्यात उतरले आणि खोल अंधारात गुंगी येऊन मरता मरता वाचले. नंतर कारण सापडले: कॉम्प्रेसरने स्वतःच्याच इंजिनाचा धूर टाक्यांत भरला होता. संच ठीक, माणसे निष्णात, पण हवा विषारी. दोन्ही टाक्या एकाच कॉम्प्रेसरवर भरल्या जातात, म्हणजे इथे दोन वाटांचे तत्त्वही कामाला येत नाही. म्हणून हवा श्वसनासाठीच्या, गाळण्या वेळेवर बदललेल्या कॉम्प्रेसरवरूनच भरावी आणि त्याचे हवा ओढणारे तोंड धुरापासून लांब, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला ठेवावे. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर या कामाचा नाही. दवाखान्यातला किंवा वेल्डिंगचा शुद्ध ऑक्सिजन तर चुकूनही भरू नये, कारण साधारण ६ मीटरच्या खाली तो झटके आणतो आणि तेलाचा अंश असलेल्या जुन्या कॉकमध्ये पेट घेऊ शकतो. विहिरीत धोका पाण्याच्या वरही असतो. डिझेल इंजिन चाललेले असेल, तळाशी कुजके काही असेल, तर काठापासून पाण्यापर्यंतच्या हवेत कार्बन मोनॉक्साइड किंवा हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. दोराला दिवा बांधून सोडण्याची जुनी पद्धत प्राणवायू कमी आहे का ते सांगते, पण हे दोन वायू दिव्याला ओळखता येत नाहीत. वायू मोजणारे यंत्र नसेल तर विहिरीतून बाहेर येईपर्यंत तोंडातला रेग्युलेटर काढू नये.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. पाण्याखालच्या गुहांतले मृत्यू बहुतेक वेळा साधनांमुळे होत नाहीत, माणसाच्या चुकीमुळे होतात, मग जुन्या संचाचा एवढा बाऊ कशाला? आक्षेपाचा पहिला भाग खरा आहे. अमेरिकेचे शेक एक्सली यांनी गुहेतल्या अपघातांचा अभ्यास करून १९७९ मध्ये जे मार्गदर्शक पुस्तक लिहिले, त्यात पुन्हा पुन्हा दिसणारी कारणे हीच आहेत: बाहेरपर्यंत अखंड दोरी न लावणे, परतीसाठी पुरेशी हवा न राखणे, झेपणार नाही इतके खोल जाणे. प्रशिक्षणाचा अभाव आणि दिव्यांची कमतरता यांचीही भर पुढे त्यात पडली. पण या नियमांकडे नीट पाहिले तर ते साधनांवरच उभे आहेत हे कळते. एक तृतीयांश हवा जाण्यासाठी, एक तृतीयांश परतण्यासाठी आणि एक तृतीयांश संकटासाठी, हा नियम मीटरशिवाय पाळणार कसा? वरच्या उदाहरणातल्या ४,८०० लिटरपैकी आत जाण्यासाठी १,६०० लिटर, म्हणजे साधारण २६ मिनिटे मिळतात. काटा खोटे सांगत असेल, तर नियम काटेकोर पाळूनही माणूस परत येत नाही. जुना संच शिस्तबद्ध माणसालाही बेशिस्तीच्या धोक्यात टाकतो.

दुसरा आक्षेप असा की, इतकी वर्षे याच संचावर काम झाले, काही बिघडले नाही. उघड्या पाण्यात एकाच वाटेचा संच बिघडला तरी माणूस वर येतो, त्यामुळे संचातला दोष उघडाच पडत नाही. पहिल्यांदा कपारीत शिरल्यावर तो दोष समोर येतो, आणि तिथे दुसरी संधी नसते. तिसरा आक्षेप पैशांचा, आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. गावातले तरुण पदरमोड करून हे काम करतात, त्यांना नवा संच कुठून परवडणार? याचे उत्तर कामाच्या क्रमात आहे. आधी पाणी हटवायचे, मग माणूस उतरवायचा. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुले आणि त्यांचा प्रशिक्षक अडकला, तेव्हा जगभरातले निष्णात पाणबुडे आले तरी पाणी उपसण्याचे काम अखंड चालू होते आणि त्यात किर्लोस्कर ब्रदर्सचे अभियंतेही होते. त्याच मोहिमेत ६ जुलै २०१८ रोजी हवेच्या टाक्या आत पोहोचवून परतताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन गुनान यांचा मृत्यू झाला. विहिरीत तर पंप लावून पाणी उपसणे, गळ टाकणे हे मार्ग आपल्या हातात असतात. हरवलेल्या माणसाच्या जिवंत असण्याची आशा संपली असेल, तर देह काढण्यासाठी दुसरा जीव पणाला लावण्याची घाई कोणीही, नातेवाइकांच्या रेट्यानेही, करू नये. आणि पैसे थोडेच असतील, तर जुन्या जोडटाकीवर ते खर्च करण्यापेक्षा एक तपासलेली टाकी, तिच्याबरोबर स्वतःचा रेग्युलेटर असलेली छोटी वेगळी टाकी, कमरेला बांधलेला दोर आणि काठावर तो दोर धरणारा तयार साथीदार, एवढ्यात हवेच्या दोन वाटा पूर्ण होतात.

तेव्हा वाचकहो, आपण पथकात असाल तर संचाची एक वही ठेवा. तिच्यात प्रत्येक टाकीचा अनुक्रमांक, चाचणीची तारीख, होज आणि कड्या बदलल्याची नोंद असू द्या. प्रशिक्षण घेतल्याशिवाय छताखाली जाऊ नका. उघड्या पाण्यातले पायाभूत शिक्षण सिंधुदुर्गात तारकर्लीला मिळते, पण त्या प्रमाणपत्रावर कपारीत शिरण्याचा अधिकार मिळत नाही, त्यासाठी वेगळे शिक्षण लागते. बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे आणि ३०० मीटरच्या वर समुद्रासाठीचे डायव्हिंगचे तक्ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत, हेही प्रशिक्षकाला आवर्जून विचारा. काम आवाक्याबाहेरचे दिसले तर जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला कळवा आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची वाट पाहा. आपण सरपंच असाल, दाते असाल, तर देणगीत टाकी देण्याआधी तिचा चाचणीचा दाखला द्या. आणि चाचणीत नापास झालेली टाकी भंगारात विकू नका, चाचणी केंद्राकडून ती कायमची निकामी करून घ्या, म्हणजे उद्या रंग देऊन ती कोणाच्या पाठीवर येणार नाही. मदतीला धावणारा माणूस ही गावाची ठेव आहे. त्याच्या पाठीवर हवेच्या दोन स्वतंत्र वाटा आहेत याची खात्री होईपर्यंत त्याला काठावरच थांबवा.